उत्तर सूत्रातच दडलेलं असतं: मोर्शीकडच्या एका गावातली गूढ शब्दकोडी

२७ फेब्रुवारी २०२५ ला, मराठी भाषा गौरव दिनी, आमच्या ग्रामपंचायतीच्या सभागृहात लोकांनी एक गूढ शब्दकोडं सोडवलं. ते आम्हीच रचलं होतं. सुरुवात झाली आदल्या वर्षीच्या मृगात. मधल्या महिन्यांत काय शिकलो, कुठं अडलो, कोणते अर्ज केले, किती पैसे लागले, ते सगळं इथं लिहिते आहे. गूढ कोडी म्हणजे शहरातल्या, इंग्रजी शाळेत शिकलेल्या लोकांचं काम, असा धाक आमच्या मनातही होता. हे वाचून कुणाचा तो धाक थोडा कमी झाला तर बरं.

आधी गूढ कोडं म्हणजे काय ते सांगते. पेपरातल्या रोजच्या शब्दकोड्यात 'रावणाची नगरी' असं विचारतात, आपण दोन घरांत 'लंका' लिहितो. माहीत असेल तर येतं, नसेल तर नाही. गूढ कोड्यात शोधसूत्र वरवर वेगळंच बोलतं आणि उत्तर त्याच्या शब्दांतच दडवलेलं असतं. हे सूत्र पाहा: 'सागर मला आतून वाटतो तापलेला (३)'. समुद्राचा इथं काही संबंध नाही. 'सागर मला' ही अक्षरं सलग वाचा, आत 'गरम' सापडेल. 'आतून' हा इशारा, 'तापलेला' हा अर्थ, कंसातला तीन म्हणजे तीन घरं. उत्तर डोळ्यांसमोर असतं आणि तरी दिसत नाही. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

मी गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. सातबारा, दाखले, पीकविम्याचे फॉर्म, हे माझं रोजचं काम. आमचे बँकवाले मामा निवृत्त होऊन गावी परतले. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी दक्षिणेत काढली, तिथं त्यांना 'द हिंदू'मधल्या गूढ कोड्याची सवय लागली. त्या दैनिकात हे कोडं १९७१ पासून येतं. गावात तो पेपर येत नाही, म्हणून मामा माझ्याकडे कोड्याची प्रिंट काढायला यायचे आणि बाकावर बसून पेन्सिलीनं काहीतरी खुणा करत राहायचे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना म्हटलं, मामा, मलाही शिकवा. ते म्हणाले, "एकटीला शिकवत नाही. चार डोकी जमव. एकट्यानं शिकलं की माणूस आठ दिवसांत सोडून देतो."

चार डोकी जमायला फार लांब जावं लागलं नाही. संस्कृत-मराठी शिकवून निवृत्त झालेले गुरुजी, संत्र्याची बाग असलेले भाऊ, गावात आशा सेविका म्हणून आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई, एसटीतले कंडक्टर काका आणि बारावीतली माझी भाची. भाऊंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "कायले आणता इंग्रजी? आपल्याच भाषेत करा ना बाप्पा!" मामांना मराठी गूढ कोडी रचायची सवय नव्हती. पण भाऊंचं म्हणणं सगळ्यांना पटलं, आणि ठरलं की रीत इंग्रजी कोड्याची घ्यायची, शब्द आपले.

मामांनी त्या रीतीचा इतिहासही सांगितला. आर्थर विन यांनी पहिलं शब्दकोडं २१ डिसेंबर १९१३ ला 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये छापलं, ते साधं होतं. पुढं इंग्लंडात एडवर्ड पॉविस मॅथर्स यांनी 'ऑब्झर्व्हर'मध्ये टॉर्केमाडा या नावानं पूर्ण गूढ कोडी रचली, आणि १९३९ नंतर त्यांच्या जागी आलेले मॅकनट झिमेनीझ नावानं लिहू लागले. दोन्ही नावं स्पेनमधल्या धर्मन्यायाधीशांची, लोकांचा छळ करण्याबद्दल कुप्रसिद्ध असलेल्यांची. मॅकनट यांनी १९६६ मध्ये पुस्तक लिहून प्रामाणिक सूत्राचे नियम मांडले. मामांनी त्यांचं सार आमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलं: सूत्रात अचूक अर्थ हवा, तिथवर नेणारी रास्त युक्ती हवी, आणि तिसरं काही नको. अर्थ नेहमी सूत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटाला असतो, मध्ये कधीच नाही. नव्यानं शिकणाऱ्यांनी एवढं एक वाक्य पाठ केलं तरी अर्धी भीती जाते. सूत्र दिसलं की गोष्ट वाचू नका. पहिले दोन शब्द पाहा, शेवटचे दोन शब्द पाहा, यातला अर्थ कोणता असेल ते ठरवा, उरलं ती युक्ती.

जागा हवी होती. माझ्या केंद्रात गिऱ्हाईक असतं, त्यामुळं आम्ही गावच्या सार्वजनिक वाचनालयाकडे गेलो. वाचनालय शासनमान्य, 'ड' वर्गाचं, एक खोली आणि पुढं ओटा. सचिवांनी साध्या कागदावर अर्ज मागितला: उद्देश, वार आणि वेळ, सगळ्यांची नावं-सह्या, जबाबदार व्यक्ती कोण, आणि तिच्या आधारची झेरॉक्स. प्रत्येकानं सभासद व्हायचं, वर्षाची वर्गणी १०० रुपये, अनामत २००, ती परत मिळते. अर्ज कार्यकारी मंडळाच्या मासिक सभेपुढं जाणार, म्हणजे जवळपास महिनाभर थांबणं आलं. अशा कामात माझा अनुभव उपयोगी पडला: अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्यायची. पुढं कुणी 'अर्ज आलाच नाही' म्हणायचा प्रश्न उरत नाही.

जुलैत ठराव झाला, दर गुरुवारी संध्याकाळी पाच ते सात. पण त्याच दिवसांत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले आणि माझ्या केंद्रापुढं सकाळपासून बायांची रांग. सर्व्हर रात्री चालायचा, दिवसा अडायचा. कित्येक गुरुवारी मी पोचेपर्यंत बैठक संपत आलेली असायची. आशाताईंचंही तेच, त्यांच्यावरही गावभर अर्जांचं काम. तरी बैठक मोडली नाही. जे आले त्यांनी सोडवलं आणि न आलेल्यांसाठी सूत्रं फळ्यावर तशीच ठेवली. ही सवय मला फार आवडली. खडूनं लिहिलेलं सूत्र आठवडाभर फळ्यावर राहतं, पेपर वाचायला येणारी माणसं उभं राहून डोकं लावतात, आणि आमचा गट न सांगता वाढतो.

सुरुवातीचे आठवडे मामा सूत्रं घालत आणि आम्ही गप्प बसत असू. फार अवघड वाटायचं. घरी जाताना मनात यायचं, आपल्याला हे जमणारं नाही. मग एका गुरुवारी मामांनी फळ्यावर लिहिलं: 'संत्राबागेतही धरतात, मैफिलीतही आणतात (३)'. गुरुजी रागांची नावं घेऊ लागले. भाची म्हणाली, फूल? पण घरं तीन. भाऊ दारात चपला काढत होते, तिथूनच ओरडले, "बहार व्हय ना थो! बहार धरतेत बागेत!" बागेचं पाणी तोडून ताण द्यायचा, झाड फुलावर आणायचं, याला आमच्या भागात बहार धरणं म्हणतात. हिवाळ्यात ताण देऊन अंबिया बहार, पावसाळ्याच्या तोंडावर मृग बहार. गुरुजींना मैफिलीतला बहार माहीत, भाऊंना बागेतला. दोन्ही अर्थ एका शब्दात भेटले आणि खोलीतली सगळी माणसं एकदम बोलायला लागली. त्या दिवसापासून भाऊ एकाही गुरुवारी चुकले नाहीत, तोडणीच्या हंगामातही नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं की हा खेळ गटानंच खेळावा. प्रत्येकाच्या डोक्यात शब्दांचं वेगळं दुकान असतं. कंडक्टर काकांना 'फेरी', 'थांबा', 'सुटे' यांचे दोन-दोन अर्थ पटकन दिसतात. आशाताईंना 'कळ', 'नाळ', 'वार' दिसतात. 'वार' हा शब्द गुरुजींना सोमवार-मंगळवारातला वाटला, भाऊंना तलवारीचा, आणि आशाताई म्हणाल्या, "बाळंतपणात पडते ते वार कोणीच नाही सांगितली." एका दोन अक्षरी शब्दाला तीन माणसांनी तीन दारं उघडली.

ऑगस्टमध्ये गुरुजींनी आम्हाला मागं नेलं. ते म्हणाले, ही कला इंग्रजांनी आणली असं समजू नका. आपल्याकडे अंतर्लापिका आणि बहिर्लापिका असे कूटश्लोकांचे दोन प्रकार आहेत. बहिर्लापिकेचं उत्तर बाहेरून आणावं लागतं, अंतर्लापिकेचं उत्तर श्लोकातच असतं. त्यांनी फळ्यावर जुनं सुभाषित लिहिलं:

कं संजघान कृष्णः का शीतलवाहिनी गङ्गा ।
के दारपोषणरताः कं बलवन्तं न बाधते शीतम् ॥

वरून चार प्रश्न दिसतात. कृष्णानं कोणाला मारलं? शीतल वाहणारी गंगा कोणती? बायकोच्या पोषणात गुंतलेले ते कोण? कोणत्या बलवानाला थंडी बाधत नाही? आता अक्षरं तीच ठेवा, फक्त तोडणी बदला. 'कंसं जघान', कंसाला मारलं. 'काशीतलवाहिनी', काशीच्या भूमीवरून वाहणारी. 'केदारपोषणरताः', शेताचं पोषण करणारे. 'कंबलवन्तं', ज्याच्याजवळ कांबळं आहे त्याला. केदार म्हणजे शेत हे कळल्यावर भाऊंनी श्लोकाची ती ओळ पुन्हा पुन्हा म्हणून घेतली. "हे तं आपल्या वावरातलंच निंगालं," म्हणाले. वाल्याच्या 'मरा मरा'तून 'राम राम' निघतं ही गोष्ट तर आम्ही सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत, ती याच जातीची. मला त्या संध्याकाळी खूप बळ आलं. आपण परक्याच्या अंगणात खेळत नाही, ही भावना शिकताना मोठी असते.

पोळा २ सप्टेंबरला झाला. त्या आठवड्यात बैठक नव्हती. नंतर आम्ही स्वतः सूत्रं रचायला लागलो आणि खरी मजा, खरं भांडणही, तिथून सुरू झालं.

मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर बसतं, काना-मात्रा-जोडाक्षरासकट. 'तलाठी' तीन घरं: त, ला, ठी. इंग्रजीत सव्वीस अक्षरं, आपल्या बाराखडीत मात्रा धरून शेकड्यांनी. याचे परिणाम कुणी आधी सांगत नाही, म्हणून सविस्तर सांगते. सोडवणाऱ्याला फायदा होतो. उभ्या शब्दानं 'ठी' हे एक घर दिलं की आडव्या शब्दाचा जवळजवळ निकाल लागतो, कारण 'ठी'चे शब्द थोडेच. रचणाऱ्याला मात्र घाम फुटतो, कारण तेच 'ठी' दोन शब्दांत बसवायचं असतं. म्हणून मराठीत चौकट लहान घ्या आणि काळी घरं सढळ हातानं ठेवा. इंग्रजी कोडं पंधरा बाय पंधराचं असतं, आम्ही नऊ बाय नऊवर थांबलो. इंग्रजीत सारख्या उच्चाराच्या शब्दांवर पुष्कळ सूत्रं असतात. मराठी बव्हंशी बोलतो तसं लिहितो, त्यामुळं तो प्रकार आम्ही सोडून दिला. त्याची भरपाई पदं तोडण्यानं भरपूर होते.

भांडण झालं ते ऱ्हस्व-दीर्घावर. काकांची पुसद मार्गावर बरीच वर्षं ड्यूटी होती. त्यांनी रचलं: 'एका पुसदकराच्या पोटात वऱ्हाडचं पांढरं सोनं (३)'. 'एका पुसदकर'मध्ये 'कापुस' सापडतं. पण शब्द 'कापूस', पू दीर्घ. गुरुजी म्हणाले, बाद. नियम स्पष्ट आहे: मराठी शब्द अकारान्त असेल तर शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ. कापूस, विहीर, फूल, मूल. साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ पासून सरकारी मान्यतेचे आहेत, ते मोडून कोडं कसं रचायचं? काका दुखावले. त्यांचं सूत्र खरंच सुंदर होतं.

तेव्हा भाची बोलली. "गुरुजी, 'तो कवी डालडा विकतो' हे उलटंसुलटं सारखं वाचता येतं असं तुम्हीच वर्गात शिकवलं. त्यात एकीकडे वी आहे, दुसरीकडे वि." सगळे गुरुजींकडे पाहू लागले. 'चिमा काय कामाची' यातही पहिला चि ऱ्हस्व, शेवटचा ची दीर्घ. गुरुजींनी शांतपणे उत्तर दिलं, "म्हणून मला 'ती होडी जाडी होती' जास्त आवडतं. 'रामाला भाला मारा' सुद्धा. त्यात कुठंच सवलत घेतलेली नाही." दोघांचंही खरं होतं. हा वाद दोन गुरुवार चालला आणि मला तो आमच्या साऱ्या वर्षातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो, कारण त्यातून लेखी नियम तयार झाले. अनुस्वार पाळायचा, 'सं' आणि 'स' वेगळे. चौकटीत शब्द नेहमी शुद्ध लिहायचा. युक्तीत ऱ्हस्व-दीर्घाची सवलत घ्यायची असेल तर सूत्रापुढं तारा काढायचा, म्हणजे सोडवणाऱ्याची फसवणूक होत नाही. काकांचं पुसदचं सूत्र ताऱ्यासकट वहीत गेलं. तुम्ही गट काढाल तर पहिल्याच महिन्यात हे ठरवून घ्या, कुठलाही निर्णय घ्या, पण लिहून ठेवा.

इशाऱ्याच्या शब्दांची यादीही आम्ही वहीच्या मागच्या पानापासून केली. 'पोटात', 'मध्ये', 'शिरली' म्हणजे एका शब्दात दुसरा घुसवायचा. 'उलटला', 'परतला' म्हणजे उलट वाचायचं. 'मोडला', 'ढासळला', 'विस्कटला' म्हणजे अक्षरांची अदलाबदल. 'टोक' म्हणजे पहिलं अक्षर, 'डोकं उडालं' म्हणजे ते काढून टाकायचं. 'डोकं उडालं संकटाचं, उरला डाव (२)', उत्तर 'कट'. आशाताईंचं पहिलं सूत्र आजही माझं सगळ्यात आवडतं आहे: 'उत्तीर्णाच्या पोटात ऊ, वावर भिजवतो (३)'. उत्तीर्ण म्हणजे पास, त्यात ऊ घातली की पाऊस. शाळेतल्या पोरींच्या डोक्यातल्या उवा पाहता पाहता सुचलं, असं त्यांनी सांगितलं.

अक्षरांच्या अदलाबदलीचं गुरुजींचं सूत्र होतं: 'कळस ढासळला, उरलं सगळं (३)'. उत्तर 'सकळ'. त्यावरून बोलणं रिद्धपूरकडे गेलं. रिद्धपूर आमच्याच तालुक्यात, महानुभावांचं मोठं ठिकाण. त्या पंथानं आपले मराठी ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते, एका अक्षराच्या जागी दुसरं. कित्येक शतकं ते बाहेरच्यांना वाचता येत नव्हते, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांनी त्या लिप्या उलगडल्या. दसऱ्यानंतर आम्ही सगळे एसटीनं रिद्धपूरला जाऊन आलो. ज्या मातीत मराठी शब्द जपण्यासाठी लपवले गेले, तिथंच आपण शब्द लपवायला शिकतो आहोत, हे मला तिथं उभं राहून फार जाणवलं. ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी ताजी होती, तिचाही आनंद त्या प्रवासात होता.

त्याच सुमारास २७ फेब्रुवारीला गावासाठी कोडं ठेवायचं ठरलं. वाचनालयाची खोली पुरणार नव्हती, म्हणून ग्रामपंचायतीच्या सभागृहासाठी अर्ज तयार केला. तोच १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. अर्ज घेतला, पोच दिली, पण निर्णय निवडणुकीनंतर, असं सांगितलं गेलं. मतदान २० नोव्हेंबरला, निकाल २३ ला. त्यानंतरच्या मासिक सभेत विषय आलाच नाही, त्याच्या पुढच्या सभेत आला. म्हणजे ठराव हाती पडायला जानेवारी उजाडला. मधल्या काळात मन फार खालीवर होत होतं. जागाच नाही मिळाली तर, हा विचार रोज यायचा. शेवटी भाडं ३०० रुपये आणि अनामत ५०० भरून पावती घेतली. ज्यांना असा कार्यक्रम करायचा असेल त्यांनी निवडणुकांचं वेळापत्रक आधी पाहावं आणि मासिक सभेच्या विषयपत्रिकेत आपला विषय आला आहे का ते सभेच्या आधी जाऊन विचारावं.

थांबण्याचे ते दिवस वाया गेले नाहीत, कारण चौकट भरायला तेवढे लागलेच. आलेखाची वही, पेन्सिल, खोडरबर. पेन वापरूच नका. आधी मनासारखे दोन-तीन लांब शब्द आडवे टाकायचे, मग काळी घरं अशी की कागद उलटा धरला तरी नक्षी तीच दिसावी. मग उभे शब्द. एक घर अडलं की पूर्ण कोपरा पुसावा लागतो. शब्द अडले की कोश उघडायचा. मोल्सवर्थचा कोश, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. वऱ्हाडी शब्दही त्यात बरेच सापडतात. मोबाईलवर चालतात, मोठी ग्रंथसंपदा जवळ असायची गरज नाही.

सूत्रं शेवटी लिहायची. प्रत्येकानं आपल्या वाट्याचे शब्द घरी नेले आणि गुरुवारी वाचून दाखवले. मामा प्रत्येक सूत्राला एकच प्रश्न विचारत: अर्थ कुठं आहे, बोट ठेवून दाखव. दाखवता आलं नाही तर सूत्र परत. माझं 'तलवारीचं टोक, मागे लाठी, हाती सातबारा (३)' पहिल्या फेरीत पास झालं तेव्हा मला दहावीच्या निकालाइतका आनंद झाला होता. तलाठी हे पदनाम आता बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण नऊ बाय नऊच्या चौकटीत ते कुठं बसायचं! काकांचं 'बारमध्ये जा, भाजी तिथेच मिळते (३)' ठेवावं का, यावर चर्चा झाली, शाळेची मुलं येणार होती. शेवटी ठेवलं. बाजारच तो.

एकूण खर्च फार नाही. वाचनालयाची वर्गणी ज्याची त्यानं भरली. सभागृहाचं भाडं, झेरॉक्स दोन रुपयांना पान, पेन्सिलींचे दोन डबे, चहा-चिवडा, सगळं मिळून हजाराच्या आसपास गेलं, ते सहा जणांनी वाटून घेतलं. अनामत परत मिळायला मार्च संपत आला. पावती जपून ठेवा, तिच्याशिवाय परत देत नाहीत.

२७ तारखेला दुपारी चारला लोक यायला लागले. मला वाटलं होतं दहा-बारा येतील. सतरंज्या कमी पडल्या. मामांनी फळ्यावर 'सागर मला'चं सूत्र सोडवून दाखवलं आणि कागद वाटले. चार-चार जणांचे गट केले, मुद्दाम वयं मिसळून: एक शाळकरी मूल, एक म्हातारं माणूस, मधली दोघं. ही युक्ती आशाताईंची, आणि ती फार चांगली चालली. पहिल्यांदा पडला 'पाऊस', मागच्या रांगेतल्या एका आजीनं पाडला. 'परवाना' बराच वेळ कुणाला येईना. सूत्र होतं 'उद्याच्या दुसऱ्या दिवशी नकार, तरी हाती मंजुरीचा कागद (४)'. परवा अधिक ना. आल्यावर सभागृहात जो गलका झाला तो बाहेरच्या पारापर्यंत ऐकू गेला. एका गटानं 'गळ्यात घालतात, तिथं गुरंही चरतात (२)' याला 'हार' लिहिलं होतं. उभ्या शब्दानं दुसऱ्या घरात 'ळ' दिल्यावर त्यांनी स्वतःच खोडून 'माळ' केलं. कुणी सांगावं लागलं नाही. कोडंच दुरुस्त करतं, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलं.

साडेसहाला वीज गेली. मोबाईलच्या उजेडात शेवटची तीन घरं भरली गेली. बक्षीस ठेवलं नव्हतं. ते आम्ही आधीच ठरवलं होतं आणि पुन्हाही ठेवणार नाही, कारण बक्षीस असलं की शेजारच्या गटाला इशारा सांगायला माणूस कचरतो.

आता गुरुवारच्या बैठकीला शाळेतले दोन शिक्षक आणि नववीतल्या काही मुली येतात. मुलींची सूत्रं आमच्यापेक्षा धीट असतात. पुढची चौकट पोळ्यासाठी आहे, नऊ बाय नऊचीच. तिच्यातलं भाचीनं रचलेलं एक सूत्र फळ्यावर लागलं आहे, गुरुजींनी ताऱ्यासकट मान्य केलं ते: 'शूराच्या पोटात ही, तरी उन्हाळ्यात आटते (३) *'. सोडवताना तो तारा लक्षात ठेवा.